‘मखमली पहाट’चा लाल पडदा

मित्रांनो, आत्ता शिंकत शिंकत ज्याला बाजूला सारून तुम्ही आत आलात, तो मी एक जुना पडदा आहे. माझा रंग विटला आहे, अंगाला धुराचा वास येतो आणि जागोजागी माणसाच्या आकाराची भोके आहेत. तुमच्यापैकी एकाने त्यातल्या एका भोकात डोके घालून जीभ काढून दाखवली. माझी हरकत नाही. ते भोक एका न्यायाधीशाचे आहे, आणि त्यांचीही हरकत नसावी.

माझा जन्म उल्व्हेन नदीच्या मुखाशी, लव्हाळ्यांच्या दलदलीत झाला. तिथे अळशीची ताटे पाण्यात कुजवून धागा काढतात. तसा तो सगळीकडेच काढतात; पण तिथले पाणी बुडालेल्यांचे आहे. वरच्या गावांतून बुडालेली माणसे वाहत वाहत तिथे येऊन थांबतात आणि पाण्याखालून विणकरणींशी गप्पा मारायला बघतात. विणकरणी उत्तर देत नाहीत. त्या पाण्यात मुरलेल्या धाग्याला एक खोड लागते, तो सावली पितो. म्हणून त्या बायका त्याचे अंगावरचे कापड कधीच शिवत नाहीत. फार तर मडक्याच्या तोंडाला बांधतात, आणि ते मडकेही घराबाहेर ठेवतात.

असे असताना कप्तान हास्केल व्रान यांनी खास या धाग्याचा, एका नाट्यगृहाला पुरेल एवढा पडदा विणून मागितला. पडदा तयार झाल्यावर म्हाताऱ्या विणकरणीला उशिरा शहाणपण सुचले.

“कप्तानसाहेब, हे कापड माणसांजवळ टांगू नका.”

“मग कुठे टांगू?”

“कुठेच नका टांगू.”

“मग एवढं विणलंत कशाला, बाई?”

बाईंनी पैसे मोजून घेतले. मला गंजकिडे चिरडून काढलेल्या लाल रंगात बुडवले आणि ‘मखमली पहाट’ या नाटकनौकेवर चढवले.

काय नौका होती ती. सोनेरी सज्जे, मागे पाणी कापणारे मोठे चाक, दोन मजल्यांवर बाके आणि मधोमध रंगमंच. आमच्या खोऱ्यात सूर्य लाजऱ्या पाहुण्यासारखा येतो आणि जेवण उरकताच निघून जातो. त्यामुळे दुपार कलली की दिवे लावून आमचा खेळ सुरू. नदीच्या खालच्या अंगाच्या प्रत्येक गावात नौका लागायची, आणि लोक मला पाहून म्हणायचे, “काय लाल आहे हो!” मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

आता आमच्या खोऱ्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. बुडालेली माणसे कधीकधी पाण्यातून उठून घरी परत येतात. दिसतात अगदी पूर्वीसारखी, गोड बोलतात आणि बोलता बोलता घरच्यांना पाण्यात घेऊन जातात. त्यांना ओळखायची खूण एकच, त्यांना सावली नसते. म्हणून प्रत्येक गावाच्या वेशीवर एक दिवेवाला बसतो. तो येणाऱ्याच्या पाठीशी कंदील धरतो. जमिनीवर सावली पडली तर दार उघडते. नाही पडली तर त्या माणसाचे बोलणे कोणी ऐकत नाही. तो ओरडला, रडला, आईचे नाव सांगितले, तरी लोक कानात बोटे घालून, शेजारच्या घरात भांडे पडले असे तोंड करून निघून जातात. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक जण येता-जाता खाली बघतो. तुम्ही खिशातली किल्ली चाचपता ना, तसे.

आणि सावलीही तशी इमानी असते. तिच्यावर मालकाचे लक्ष आहे तोवर ती कुठेही जात नाही. लक्ष उडाले की मात्र तिचा भरवसा नाही.

माणसाचे लक्ष आपल्या सावलीवरून नेमके केव्हा उडते, हे कप्तान व्रान यांनी शोधून काढले होते. टाळ्या पडत असताना.

म्हणून ‘मखमली पहाट’वर खेळ संपला की सत्कार व्हायचा. मी खाली यायचो. कप्तान बाजूला, दिव्यांच्या उजेडापलीकडे उभे राहून गावातल्या एखाद्या गुणी माणसाचे नाव पुकारायचे. तो लाजत, नको नको म्हणत, पण बऱ्यापैकी वेगाने वर यायचा. त्याला माझ्यापुढे उभे करायचे. रंगमंचाच्या कडेला माशांच्या तेलाचे दिवे होते, त्यामुळे त्याची सावली थेट माझ्या अंगावर पडायची. कप्तान त्याची स्तुती करायचे, डोक्यावर कागदी मुकुट चढवायचे आणि म्हणायचे, “वाजवा टाळ्या.” त्या टाळ्यांत तो माणूस मान उंचावून, डोळे मिटून घ्यायचा. मी कापड आहे. सांडलेले टिपून घेणे हा माझा धर्म. टाळ्या थांबेपर्यंत सावली माझ्या धाग्यांत मुरलेली असायची.

मग तो माणूस मुकुट सावरत घरी निघायचा, आणि वेशीवरचा दिवेवाला कंदील उचलून धरायचा.

पुढचे सांगायला नको. तो परत धक्क्यावर यायचा, आणि तिथे कप्तान त्याची वाटच पाहत असायचे. “अरेरे,” ते म्हणायचे, “आमच्याकडे रहा. जेवण मिळेल.” अशा रीतीने कप्तानांना फुकटात कलावंत मिळत गेले. नाटकातल्या माणसाला सावली आहे की नाही हे कोणी बघत नाही. हुल्फ्रिद नावाचे एक न्यायाधीश होते. ‘खोऱ्यातला सर्वांत निष्पक्ष माणूस’ म्हणून त्यांचा सत्कार झाला, आणि तेव्हापासून ते आमच्या नाटकातल्या घोड्याचे मागचे पाय झाले. ग्रेफाबाई गायला राहिल्या. ओर्झेल नावाची एक शिवणारी बाई तोरेमच्या जत्रेत लेस विकायला आली होती. सर्वांत बारीक टाका तिचा म्हणून तिला मुकुट मिळाला. घरी लहान मुलीला बहिणीकडे ठेवून ती आली होती. संध्याकाळी परत येते, असे सांगून.

कप्तानांची स्वतःची सावली शाबूत होती. ते कधीही दिव्यांपुढे येत नसत, आणि दर वाक्यानंतर आपल्या बुटांकडे बघत. लोक म्हणत, केवढा विनयशील माणूस.

कुणी त्यांना विरोध केला नाही असे नाही. एक ढोलकवाला होता. भर खेळात तो प्रेक्षकांना ओरडून सांगू लागला, सावल्या सांभाळा. लोकांना तो विनोद वाटला आणि ते पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी कप्तानांनी क्षाराचा साबण आणि ब्रश घेतला आणि माझ्या अंगावरची त्याची सावली घासून काढली. ढोलकवाला तेव्हा खाली सूप पीत बसला होता. चमचा वाटीत पडला. पाहतात तो चमच्यामागे कोणी नव्हते.

तेव्हापासून नौकेवर सगळे फार शिस्तीत वागत.

ओर्झेल मला ठीकठाक ठेवायची. उंदराने कुरतडले की रफू, दिव्याने डाग पडला की ठिगळ. कप्तान दररोज काठी घेऊन मला तपासायचे. सगळ्यांच्या सावल्या जागेवर आहेत ना, कुठे उसवले नाही ना. मला वाटे, किती काळजी घेतात माझी. पुढे कळले की कुलपाचीही माणूस अशीच काळजी घेतो.

मग एका वर्षी नदीला मोठा पूर आला, वरची उथळ पात्रे भरली, आणि नौका प्रथमच वेन्हारला लागली. वेन्हार हे ओर्झेलचे गाव.

त्या दिवशी सकाळी ओर्झेल शिडीवर चढून माझी वरची कड शिवत होती. खाली धक्क्यावर एक मुलगी बदके विकत होती आणि बदकांची नावे घेत गाणे म्हणत होती. साधेच गाणे, पण आवाज असा की वल्ही मारणारे थांबले. ओर्झेलने खिडकीतून पाहिले. तिच्या हातातली सुई खोल बोटात गेली. 

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

“ऐकलंस का, ओर्झेल?” कप्तान म्हणाले.

“काय, कप्तानसाहेब?”

“गळा. आपल्या ग्रेफाबाईंचा आताशा भोपळा झालाय. ही पोरगी चालेल.” मग बुटांकडे बघून, “हे तुझं गाव ना?”

“होतं.”

“कोणी आहे?”

“कोणी नाही.”

“मग बोटातून रक्त कशाला काढतेस? पडद्याला लागेल.”

ते निघून गेले. मित्रांनो, माझे विणकाम घट्ट आहे, तरी त्या वेळी मी आतून सैल झालो. ती मुलगी तिव्ना होती. संध्याकाळी परत येते असे जिला सांगितले होते, तीच.

ओर्झेलने काय करावे? धक्क्यावर जाऊन लेकीला सांगावे, तर सावली नसलेल्या बाईचे कोण ऐकणार? नौकेवरून ओरडावे, तर वाटी आणि चमचा. ती शिडीवर बसून राहिली. मग उतरली, आपली शाल आणली आणि तिची रुंद करडी किनार उसवू लागली.

वेन्हारची एक रीत आहे, ती खोऱ्यात दुसरीकडे कुठे नाही. बाकी गावांत माणूस गेला की भांडी बडवतात. वेन्हारला घरात कोणी गेले की दाराच्या पडद्याला खालून करड्या लोकरीची पट्टी जोडतात. ती दिसली की बोलणारा गप्प होतो, चालणारा थांबतो, आणि सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे राहतात. त्या घरातले कोणी येऊन पट्टी जमिनीवरून उचलून धरीपर्यंत मान वर करायची नाही. एकदा एका चोराने पळता पळता करडी पट्टी पाहिली, पोते खाली ठेवले आणि मान घालून उभा राहिला. पाठलाग करणारेही तसेच उभे राहिले, त्यामुळे त्याला पकडायला जरा वेळ लागला.

ओर्झेलने ती पट्टी माझ्या तळाशी, मागच्या बाजूने दुमडून, एका सलग धावदोऱ्याने टाचायला घेतली. मी जमिनीपासून वीतभर वर लोंबायचो. दोऱ्याचे टोक ओढले की पट्टी सुटून खाली पडेल आणि समोरून दिसेल, असा बेत.

हुल्फ्रिद न्यायाधीश घोड्याचे पाय दुरुस्त करत शेजारी बसले होते.

“लाल पडद्याला करडी किनार? कशासाठी गं?”

तिने सांगितले. त्यांनी हातातला खूर बाजूला ठेवला.

“पण मेलं कोण?”

“कोणी नाही.”

“मग खोटी पट्टी लावणं हा वेन्हारच्या हद्दीत गुन्हा धरला जाईल.”

“हुल्फ्रिदकाका, तुम्ही घोड्याचे मागचे पाय आहात.”

“पायांनाही कायदा लागू असतो.” मग आवाज खाली आणून, “त्या ढोलकवाल्याचं आठवतंय ना?”

“आठवतंय. मीच सूप वाढलं होतं.”

“मी काही पाहिलं नाही. कोणी विचारलंच तर मी तेव्हा घोड्यात होतो.”

“बरं.”

दुपारी कप्तान तपासणीला आले. काठीने एकेक सावली ठोकत ते खालपर्यंत पोचले आणि थांबले.

“तळाशी काय फुगलंय?”

“अस्तर,” ओर्झेल म्हणाली. “इथे प्रवाह आडवा आहे, कप्तानसाहेब. नौका डुलते, पडदा फडफडतो. मग सावली नीट पडत नाही.”

शेवटचे वाक्य ऐकून त्यांना समाधान वाटले. काठीचे टोक टाक्यांवर दोनदा फिरले. माझा प्रत्येक धागा त्या टोकाकडे बघत होता. मग ते म्हणाले, “अशी माणसं मिळायला नशीब लागतं,” आणि जेवायला गेले.

दिवे लागले. वेन्हारकर खाली बघत बघत आत आले आणि बाकांवर बसले. तिव्ना पुढच्या रांगेत होती, तिच्या मावशीशेजारी. मावशी, म्हणजे ओर्झेलची बहीण, हातात भाजलेल्या बियांची पुडी घेऊन आधीच नाटकाला नावे ठेवत होती. “घोडा बघ कसा चालतोय. पुढचे पाय बाजारात, मागचे पाय कोर्टात.”

ओर्झेलचा हिशेब असा होता. सत्कार शेवटी असतो. तोवर ती डाव्या विंगेत जाऊन दोऱ्याचे टोक हातात धरून बसेल. पण मध्यंतर होते न होते, ग्रेफाबाईंचा आवाज ऐन गाण्यात बसला, लोक कुजबुजू लागले, आणि कप्तानांनी बेत बदलला. मला खाली सोडले आणि ते उजेडापलीकडे येऊन म्हणाले, “वेन्हारच्या रसिकहो, आज एका गळ्याचा सत्कार करायचा आहे.”

ओर्झेल तेव्हा उजव्या विंगेत ग्रेफाबाईंना पाणी पाजत होती. दोऱ्याचे टोक डावीकडे.

तिव्नाचे नाव पुकारले गेले. मावशीने तिला कोपराने ढोसले. “जा की. बोलावतायत तर उगाच भाव खाऊ नकोस.” पोर वर आली. तिच्या केसांत बदकाचे पीस अडकले होते. कप्तानांनी काठीच्या टोकावर मुकुट अडकवून, स्वतः उजेडात न येता, तिच्या डोक्यावर ठेवला. तिची सावली माझ्या अंगावर पडली. थेट तिच्या आईच्या सावलीवर.

“वाजवा टाळ्या.”

वेन्हारकर टाळ्यांना कंजूष नव्हते. सज्जे हादरले. तिव्नाने आधी खाली पाहिले, मग लोकांकडे पाहिले, मग हसली, आणि हनुवटी वर गेली. मला ती हनुवटी पाठ होती. कितीतरी पाहिल्या होत्या मी. माझा धागा ओला होऊ लागला. तिच्या डाव्या हाताची बोटे माझ्यात येऊ लागली. मला ती नको होती, मित्रांनो. पण कापडाला कोण विचारतो?

माझ्यामागून ओर्झेल धावत आली, अंधारात घोड्याला धडकली, गुडघ्यावर पडली, तशीच सरपटत डाव्या टोकाला पोचली आणि दोरा ओढला. सर्रकन अर्धी पट्टी खाली पडली. मग दोरा तुटला.

डाव्या बाजूची बाके एकदम शांत झाली. माणसे उभी राहिली आणि पायांकडे बघू लागली. पण उजवीकडच्यांना पट्टी दिसत नव्हती. ते वाजवतच राहिले, उलट डावीकडचे थांबले म्हणून जास्तच जोरात. तिव्ना उजवीकडे वळून हसत होती. तिचा अर्धा हात माझ्यात आला होता. ओर्झेल नखांनी टाके उसवू लागली. तिचा टाका बारीक, खोऱ्यात सर्वांत बारीक. तो नखांना दाद देईना.

तेव्हा माझ्यामागे उभ्या असलेल्या घोड्याच्या मागच्या पायांनी एक पाऊल पुढे टाकले. लाकडी खूर दुमडीत शिरला आणि खाली दाबला गेला. टर्र टर्र करत उरलेली पट्टी सुटली.

“मी काही केलं नाही,” घोडा आतून पुटपुटला.

सगळे थिएटर थांबले. मावशीच्या तोंडातली बी तोंडातच राहिली. आवाजाने तिव्ना मागे वळली, तिने करडी पट्टी पाहिली आणि लहानपणापासूनच्या सवयीने मान खाली घातली. तिला तिची सावली दिसली, आणि त्या सावलीला डावा हात नव्हता. तिने दचकून हात मागे ओढला. गरम भांड्यावरून काढावा तसा तो माझ्यातून निघाला. ती आपल्या सावलीकडे बघत राहिली, आणि तिची नजर हलेना.

कप्तान व्रान यांनी आयुष्यात सगळे पाहिले होते, शांतता पाहिली नव्हती.

“काय झालं?” ते उजेडापलीकडून म्हणाले. “वाजवा.”

कोणी मान वर केली नाही.

“वेन्हारकर, हात घरी विसरून आलात का?”

काही नाही. त्यांना वाटले, लोक आपला अपमान करत आहेत. त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर दयाच आली. ते तरातरा पुढे आले. दिव्यांच्या पुढे, माझ्यासमोर, तिव्नाच्या शेजारी.

“असं,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात उंच करून स्वतःच टाळ्या वाजवू लागले. “असं वाजवतात. जोरात. असं.”

त्या शांततेत एकट्या माणसाच्या टाळ्या मोठ्या वाजतात. त्या ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले. कदाचित त्यांना वाटले, सगळेच वाजवत आहेत. दिव्यांच्या अगदी जवळ असल्याने त्यांची सावली फार मोठी पडली होती, वरच्या दांडीपर्यंत. ती माझ्यात मुरायला वेळ लागला. पण ते थांबलेच नाहीत, त्यामुळे वेळ मिळाला.

मग सवयीप्रमाणे त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिले.

त्यांनी जे काही ओरडून सांगितले, ते कोणी ऐकले नाही. आधी माना खाली होत्या म्हणून, आणि मग माना वर आल्या आणि लोकांना त्यांच्या पायांशी सावली दिसली नाही म्हणून. सगळ्यांनी कानात बोटे घातली.

माना वर आल्या, कारण ओर्झेल माझ्यामागून पुढे आली होती आणि तिने करडी पट्टी जमिनीवरून उचलून धरली होती. उचलणारे घरचे दुसरे कोणी नव्हतेच. ती भर उजेडात उभी राहिली, आणि तिच्याही पायांशी काही नव्हते. लेक हातभर अंतरावर. आता ही पोर काय करणार, या विचाराने माझी वरची दांडी कुरकुरली. इतकी वर्षे जी भीती तिने दररोज दोऱ्यात ओवली होती, ती हीच: घर समोर असेल, आणि घर कानात बोटे घालेल.

“तिव्ना, मागे ये,” मावशी खालून म्हणाली. “बघू नकोस तिच्याकडे. ओर्झेलसारखी दिसते नुसती. बुडालेले असेच दिसतात.”

तिव्ना हलली नाही. ती त्या बाईच्या हातांकडे बघत होती.

“मावशी, हिच्या बोटाला सुई लागलीय. नखांतून रक्त येतंय. बुडालेल्यांना रक्त येतं का गं?”

मावशीने तोंडातली बी गिळली. 

“नाही येत,” ती म्हणाली. मग पुडी बाकावर आपटून उठली. “मग कुठे उलथली होतीस इतकी वर्षं? पोर मी वाढवली, बदकं मी पाळली, आणि ही इथे नाटकात.”

एकाने बोलायला सुरुवात केली की बाकीच्यांची बोटे कानातून निघतात. वेन्हारकरांनी ओर्झेलला ऐकले, मग ग्रेफाबाईंना, मग घोड्यातून बाहेर आलेल्या न्यायाधीशांना, त्यांनी मात्र बरेच बोलून घेतले. कप्तानांशी बोलायला खरे तर एकच माणूस पुरला असता. भरल्या थिएटरात त्यांनी एकेकाकडे पाहिले. कोणी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तिव्नाने कात्रीने आईची सावली माझ्यातून कापली आणि आईच्या टाचांना शिवली. पोरीला बदके कळतात, शिवण नाही. त्यामुळे ओर्झेलची सावली तिच्यापेक्षा अर्धे पाऊल मागे लंगडत चालते. दिवेवाल्याने कंदील धरून ती बरीच न्याहाळली आणि म्हणाला, “आहे म्हणायला आहे.” ओर्झेलने ते टाके कधीच सुधारले नाहीत. बाकीच्यांच्याही सावल्या कापून झाल्या. दुखले का, असे विचाराल, तर सांगतो, हलके वाटले. न्यायाधीश पुन्हा न्याय द्यायला गेले. आता ते दोन्ही बाजू ऐकतात म्हणे, आणि निकाल देताना पाय आपटतात.

नौकेचा दोर कोणीतरी सोडला. कप्तान तिच्यावर एकटेच आहेत. लव्हाळ्यांच्या दलदलीत ते रोज सत्काराचे भाषण करतात, आणि पाण्यातले बुडालेले वर येऊन दाद देतात, असे नावाडी सांगतात. मात्र बुडालेल्यांच्या टाळ्यांना आवाज नसतो.

आणि मला वेन्हारकरांनी मासे धुरात वाळवायच्या या कोठाराच्या दारावर टांगले. आधी लोक मुद्दाम बघायला येत, आता येता-जाता हात पुसतात. रंग उडाला, कसर लागली. तक्रार नाही. कापडाचे वय झाले की असेच व्हायचे.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. सगळ्यांच्या सावल्या कापून नेल्या. एक कोणी मागायला आले नाही. मावशी म्हणाली जाळा, तर न्यायाधीश म्हणाले, बाजू ऐकल्याशिवाय कुणाची सावली जाळता येत नाही. मग ते राहूनच गेले. तुम्ही ज्याला धुराचा डाग समजत आहात, तो, वरच्या दांडीपासून खालपर्यंतचा, धुराचा नाही. त्याच्या खांद्याजवळ माझे कापड विरत चालले आहे. खाली बुटांशी उंदीर रोज थोडे कुरतडतात. रस्त्यावरून लग्नाची वरात गेली आणि टाळ्या वाजल्या की तो डाग जरासा वाकतो, अभिवादन करावे तसा, आणि माझे धागे एकेक करून तटतट ताणले जातात. एकदा का मी तिथे फाटलो, तर तो बाहेर पडेल, आणि तो नदीकडे जाईल की गावाकडे, ते मला सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून विनंती. जुन्या वस्तूंची हेळसांड करू नका. जमले तर कोणीतरी सुई-दोरा आणा आणि खांद्याजवळ दोन टाके घाला, उलटे, घट्ट. उंदरांसाठी एखादे मांजर सोडा. आणि माझी गोष्ट आवडली असेल, तर तसे तोंडाने सांगा. टाळ्या मात्र वाजवू नका.